पुढच्या चाकाचा पाय: ऑलिओ की स्टीलचा दांडा?

कराडच्या धावपट्टीवर उतरवायचं म्हणून कुणी घरी विमान बांधत असेल, तर पुढच्या चाकाचा पाय कसला घ्यायचा हे आधी ठरवावं.

ऑलिओ म्हणजे आत-बाहेर सरकून धक्का झेलणारा पाय, त्यात तेल आणि नायट्रोजन. उन्हाळ्यातली धूळ त्याच्या चकचकीत दांड्यावर बसते, विमान टेकलं की सीलमध्ये घुसते आणि लाल तेल पाझरायला लागतं. म्हणून उड्डाणाआधी दांडा त्याच हायड्रॉलिक तेलात भिजवलेल्या फडक्याने पुसायचा, किती बाहेर आहे ते मोजायचं. खाली बसला असेल तर नुसता गॅस भरून भागत नाही, तेलाची पातळीही बघायची. आणि दाब पूर्ण सोडल्याशिवाय ऑलिओ उघडू नका, जिवावर बेततं! कात्रीसारख्या जोडदुव्यांतला ढिलेपणा हलवून बघा. चाक थरथरतं ते बऱ्याचदा तिथूनच.

स्टीलला ना तेल, ना गॅस. पण ऑलिओ बिघडला की दिसतो, स्टीलची बारीक चीर दिसत नाही. विमान जोरात आदळलं तर रंग काढून, डाय पेनेट्रंट (चिरेत शिरून ती दाखवणारा द्रव) लावून दांडा तपासायलाच हवा. फोर्क, म्हणजे चाक धरणारा काटा, वळायला किती जोर लागतो, तेही स्प्रिंगकाट्याने ओढून मॅन्युअलशी ताडायचं.

हलक्या दोन सीटच्या विमानाला मी स्टीलच सुचवेन, एवढी तपासणी नेमाने होणार असेल तरच.