बीडी 500 ढवळताना: हात की फ्लोफॉर्म?

नाशिक परिसरात द्राक्षबाग बायोडायनॅमिक पद्धतीने (चंद्राच्या गतीचा आणि खास द्रावणांचा आधार घेणारी सेंद्रिय शेती) करू पाहणाऱ्यांना शिंगखत, म्हणजेच बीडी 500 (गाईच्या शिंगात भरून जमिनीत पुरलेल्या शेणाचे खत), काय असते हे आता सांगावे लागत नाही. एकरी 25 ग्रॅम शिंगखत, साधारण 13 लिटर कोमट पाणी आणि एक तास अखंड ढवळणे, हे गणित बहुतेकांना ठाऊक असते. अडते ते त्या एका तासापाशी. तो तास बादलीवर वा पिंपावर उभे राहून काढायचा, की फ्लोफॉर्मची, म्हणजे पाणी हेलकावत खाली उतरवणारी, कुंडे बसवून पंपाच्या हवाली करायचा, हा निर्णय खर्चाचा तर आहेच. पण पाण्याविषयी आपली श्रद्धा काय आहे, याचाही तो आहे. मी दिंडोरी तालुक्यातील माझ्या बागेत दोन्ही पद्धती वापरल्या आहेत.

या विचारात पाणी हे नुसते द्रावक नाही. या पद्धतीचे जनक रुडॉल्फ स्टायनर यांनी जून 1924 मध्ये कोबरविट्झ येथे (हे गाव आज पोलंडमध्ये आहे) शेतीविषयक व्याख्याने दिली, त्यांच्या पहिल्याच व्याख्यानात चंद्राचा प्रभाव पाण्यावाटे वनस्पतीपर्यंत पोहोचतो आणि पावसानंतर येणाऱ्या पौर्णिमेला तो विशेष जोरात असतो, अशी मांडणी आहे. ढवळण्याची रीतही याच समजुतीतून आली. एका दिशेने ढवळत तळापर्यंत भोवरा पाडायचा आणि तो ऐन भरात असताना दिशा उलटवायची. त्या खळबळीच्या क्षणी पाणी शिंगखतातील शक्ती स्वीकारते, असे मानले जाते. भोवऱ्यामुळे पाण्यात असे काही साठते, हे विज्ञानाने मान्य केलेले नाही, आणि निर्णय घेणाऱ्याने ही गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. मी ही पद्धत श्रद्धेने पाळतो. बागेत आच्छादनाखालची माती भुसभुशीत झालेली मला दिसते. मात्र त्याच मातीत दरवर्षी कंपोस्टही पडते, त्यामुळे श्रेय कोणाला किती द्यावे हे सांगण्याचे धाडस मी करणार नाही.

फ्लोफॉर्म ही इंग्लंडचे शिल्पकार जॉन विल्क्स यांची 1970 मधील निर्मिती. एकाखाली एक मांडलेल्या कुंडांतून पाणी उतरताना डावीकडे-उजवीकडे हेलकावत इंग्रजी आठ (8) अंकासारखी वळणे घेते. भोवऱ्याची दिशा बदलण्यासाठी जी खळबळ माणसाला हाताने घडवावी लागते, ती येथे प्रवाहाच्या लयीतून आपोआप घडते, असे त्यामागचे म्हणणे आहे. कुंडांतून पाणी झुलत उतरताना पाहणे हा खरोखर आनंदाचा भाग आहे. शिवाय एकदा पंप सुरू केला की माणूस दुसऱ्या कामाला मोकळा होतो, आणि ऑक्टोबर छाटणीच्या धांदलीत ही सोय लहान म्हणता येणार नाही.

माझा निर्णय मात्र विजेने केला. बीडी 500 द्यायचे ते चंद्र दक्षिणायनात असताना (म्हणजे आकाशातील त्याचा मार्ग रोज थोडा दक्षिणेकडे सरकत असताना), दुपार टळल्यावर, जमिनीत ओल असताना; म्हणजे हाती असलेल्या मोजक्याच संध्याकाळींपैकी एक साधावी लागते. आमच्याकडे शेतीच्या फीडरवर वीज पाळीने येते, एका आठवड्यात दिवसा तर दुसऱ्या आठवड्यात रात्री, आणि आली तरी ती तासभर टिकेलच असे नाही. ढवळणे निम्म्यावर आलेले असताना पंप थांबतो, कुंडांतील पाणी हळूहळू खालच्या टाकीत उतरते, शिंगखताचा गाळ तळाशी बसू लागतो आणि आपण ट्रान्सफॉर्मरकडे पाहत उभे राहतो. अशा वेळी पडणाऱ्या प्रश्नाला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही: वीज परतल्यावर उरलेला अर्धा तास धरायचा, की तास नव्याने मोजायचा? ज्या पद्धतीचा सारा भर अखंड लयीवर आहे, तिची लयच दुसऱ्याच्या हाती सोपवलेली असते. तास नव्याने धरला तर अंधार पडतो आणि बिबट्याच्या भीतीने मजूर बागेत थांबायला तयार होत नाहीत. त्यांचे काही चुकते असे मला वाटत नाही. न धरला तर शिंपडताना मन साशंक राहते. ही रुखरुख एखाद्या वेळची असती तर सोसली असती, पण ती हंगामागून हंगाम येत राहिली.

हाताने ढवळताना सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटे पाणी काठीला दाद देत नाही, भोवरा उथळ राहतो आणि वर फेस फिरत राहतो. अर्धा तास उलटल्यावर भोवऱ्याच्या कडा गुळगुळीत होतात, तळ दिसू लागतो आणि काठी हलकी चालते. रवीने ताक घुसळताना लोणी येऊ लागल्याचे जसे हाताला कळते, तसेच हेही हाताला कळते. यामागे श्रद्धेचा भाग किती आणि सवयीचा किती, हे मी ठरवू शकत नाही; पण फ्लोफॉर्मजवळ उभे राहून मला ही खूण कधी मिळाली नाही. यंत्राने ढवळण्याविषयी स्टायनर यांनाही त्याच व्याख्यानमालेत विचारले गेले होते, तेव्हा हाताने ढवळण्याचे महत्त्व वेगळे आहे, असाच त्यांच्या उत्तराचा रोख होता.

क्षेत्र वाढले की हात दुखतात, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर जुना उपाय असा, की झाडाच्या फांदीला किंवा बांबूच्या तिकाटण्याला दोरीने लांब काठी टांगावी आणि तिचे खालचे टोक पिंपात सोडावे. काठीचा भार दोरी घेते, माणसाला फक्त फिरवायचे उरते. 200 लिटरच्या पिंपात दीडशे लिटर पाणी घेतले तर दोघे जण आलटून पालटून दहा-अकरा एकरांचे द्रावण एका तासात तयार करतात.

पाण्याच्या प्रतीचा भेद दोन्हीकडे सारखाच लागू आहे. पावसाचे साठवलेले पाणी सर्वांत चांगले, त्यानंतर विहिरीचे. क्लोरीन टाकलेले नळाचे पाणी टाळावे. जड पाण्याच्या बोअरवर फ्लोफॉर्म चालवल्यास कुंडांवर पांढरा क्षार बसतो व तो घासून काढावा लागतो. थंडीच्या दिवसांत उन्हात तापवलेले पाणी कुंडांच्या उथळ प्रवाहात लवकर गार होते, पिंपात ते बराच वेळ कोमट राहते.

ज्यांचे क्षेत्र वीस-पंचवीस एकरांच्या पुढे आहे आणि ज्यांच्याकडे बॅटरीसह सौर संच आहे, त्यांनी फ्लोफॉर्मचा विचार अवश्य करावा. माझी अडचण त्यांना कदाचित येणारही नाही. दोन-चार एकरांच्या बागेसाठी मात्र मी पिंप आणि काठीच सुचवीन. फ्लोफॉर्म घेण्याचे ठरलेच, तर पंपाने ओढणे बंद केल्यावर खालच्या टाकीत किती लिटर पाणी उरते, हे विक्रेत्याला आधी विचारावे. एकरी 13 लिटरच्या हिशेबात तळाशी राहिलेले पाच-सात लिटर म्हणजे जवळपास अर्ध्या एकराचे शिंगखत होते, आणि ते मगाने काढून घ्यावे लागते.