राणी की वंदना? पुढच्या फळीतल्या मुलीने कोणाचा खेळ गिरवावा

मुलगी हॉकीत फॉरवर्ड खेळतेय. तिला भारताच्या कोणत्या फॉरवर्डच्या मॅच दाखवायच्या, राणी रामपालच्या की वंदना कटारियाच्या? गोल मोजून याचं उत्तर मिळत नाही. राणीचे २५४ सामन्यांत १२० गोल, वंदनाचे ३२० सामन्यांत १५८. दोघींचाही हिशेब साधारण दोन सामन्यांमागे एक गोल. फरक आहे तो एरवी मैदानात त्या काय करायच्या, यात.

राणी चेंडूची वाट बघत थांबायची नाही. मागे येऊन चेंडू घ्यायची, खेळ उभा करायची आणि मग डीकडे, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाकडे धावायची. नोव्हेंबर २०१९, भुवनेश्वर, अमेरिकेविरुद्धची ऑलिंपिक पात्रता लढत. दोन सामने, दोन्हींचे गोल मिळून निकाल. पहिला सामना आपण ५-१ने जिंकलो होतो, पण दुसऱ्यात मध्यंतरालाच अमेरिका ४-०ने पुढे. सगळी आघाडी गेली. ४८व्या मिनिटाला राणीने सणसणीत फटका मारला आणि टोकियो ऑलिंपिकची वाट मोकळी झाली.

वंदनाचं घर म्हणजे गोलचं तोंड. ३१ जुलै २०२१, टोकियो, समोर दक्षिण आफ्रिका. चौथ्या, सतराव्या आणि एकोणपन्नासाव्या मिनिटाला गोल, भारत ४-३ने विजयी. ऑलिंपिकमध्ये हॅट्ट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला. तिसरा गोल पुन्हा पुन्हा बघा. पेनल्टी कॉर्नरवर सहकारी गुरजित कौरचा फ्लिक, म्हणजे जोरात फेकलेला चेंडू येतो आणि वंदना स्टिक लावून फक्त त्याची दिशा बदलते. जोर दुसरीचा, जागा आणि वेळ हिची. तीनच महिन्यांपूर्वी तिचे वडील गेले होते. ती बंगळुरूच्या शिबिरात होती, अंत्यदर्शनालाही पोचू शकली नाही. तो सामना बघताना दरवेळी माझा गळा दाटून येतो.

दहा-बारा वर्षांच्या मुलीसाठी मी वंदनापासून सुरुवात करा असं सांगेन. डिफ्लेक्शन, म्हणजे स्टिक लावून चेंडूची दिशा बदलणं, रोज घोटता येतं, चेंडू मारून देणारं एक माणूस असलं की झालं. राणीसारखं खेळायला दमसास लागतो, पहिला टच पक्का लागतो, मान वर करून खेळायची सवय लागते. ते सावकाश येतं. पण मुलगी आपणहून चेंडू शोधत मागे येत असेल, तर तिला गोलपोस्टजवळ बांधून ठेवू नका. तिला राणीच दाखवा.

आणि घाई नको. राणी १५व्या वर्षी, २०१० सालच्या विश्वचषकात सात गोल करून चमकली. टोकियोनंतर हॅमस्ट्रिंगच्या दुखापतीने तिला २०२२चा विश्वचषक हुकला. वंदनाचं नाव जगाला कळलं तेव्हा ती २९ वर्षांची होती, आणि त्यानंतरही ती २०२५पर्यंत टिकली.

एकच मॅच दाखवायची असेल तर टोकियोतली ब्राँझसाठीची, ब्रिटनविरुद्धची. आपण ३-४ने हरलो, पण दोघी एकाच मैदानावर आहेत. एक क्वार्टर चेंडू सोडून फक्त वंदनाकडे बघायला सांगा, पुढचा फक्त राणीकडे.