माइंडहंटर: संवादातून उभी राहणारी भीती

२०१७ साली नेटफ्लिक्सवर आलेल्या ‘माइंडहंटर’ या मालिकेत खुनी कोण, हा मुख्य प्रश्नच नाही. तुरुंगात असलेल्या खुन्यांशी एफबीआयचे अधिकारी बोलत राहतात आणि त्या बोलण्यातूनच ताण वाढत जातो. त्या खुन्यांपैकी एक असलेला एडमंड केम्पर साकारणारा कॅमेरॉन ब्रिटन हा पहिल्या पर्वाचा कणा आहे. आवाज न चढवता, जवळजवळ आर्जवी सौजन्याने तो स्वतःच्या क्रौर्याबद्दल बोलतो, आणि समोरच्या होल्डन फोर्ड या एफबीआय अधिकाऱ्याला त्या सौजन्याची भूल पडते आहे, हे जोनाथन ग्रॉफ नजरेतल्या अधीर उत्सुकतेतून दाखवतो. त्यामुळे होल्डनचा वाढता अहंकार आणि पर्वाच्या अखेरीस त्याचे कोसळणे कुठेही लादलेले वाटत नाही. होल्ट मॅकॅलनीने रंगवलेला होल्डनचा थकलेला, मितभाषी सहकारी बिल टेंच मला तर त्याहूनही अधिक भिडला. २०१९ च्या दुसऱ्या पर्वात अटलांटातील मुलांच्या हत्यांचा तपास केंद्रस्थानी येतो, तेव्हा त्यांच्यासोबत काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ डॉ. वेंडी कार हिचे उपकथानक बाजूला पडते आणि ॲना टॉर्वसारख्या संयत अभिनेत्रीला पुरेसा वाव मिळत नाही, ही खरी उणीव आहे. कॅन्ससमधील खुन्याची अधूनमधून येणारी छोटी दृश्येही दोन पर्वे संपेपर्यंत मुख्य कथेला येऊन मिळत नाहीत.