यूकेतल्या ग्रुप इन्कम प्रोटेक्शनचा अकरा महिन्यांचा हिशेब

यूकेतल्या ऑफर लेटरमध्ये पेन्शन आणि प्रायव्हेट मेडिकलच्या खाली कधीकधी एक ओळ असते: ग्रुप इन्कम प्रोटेक्शन. सही करताना ती सहसा कोणी वाचत नाही, आणि वाचली तरी आपली माणसं तिला मेडिक्लेमच्या रांगेत बसवतात. मेडिक्लेम हॉस्पिटलचं बिल भरतो. ही पॉलिसी आजारपणामुळे बुडालेल्या पगाराचा ठरलेला हिस्सा देते, हॉस्पिटलात एक रात्रही काढलेली नसली तरी. इथला अनुभव तीव्र नैराश्याच्या दाव्याचा आहे: २६ आठवड्यांचा डिफर्ड पिरियड (पैसे सुरू होण्याआधी थांबायचा काळ), दोन महिने पूर्ण बेनिफिट, मग तीन महिने थोडं काम आणि थोडा बेनिफिट. पैशाच्या बाजूने पॉलिसी चांगली, कागदांच्या बाजूने दमवणारी. आणि तिचं सगळ्यात कामाचं कलम एचआरनेही धड वाचलेलं नसतं.

आधी पहिले २६ आठवडे. या काळात इन्शुरर काही देत नाही. कंपनीची स्वतःची सिक पे असेल तेवढी, ती संपली की स्टॅच्युटरी सिक पे, म्हणजे कायद्याने कंपनीने द्यायचीच किमान रक्कम: २०२५-२६ मध्ये ती आठवड्याला ११८.७५ पौंड होती, आजारपणाच्या सुरुवातीपासून धरून जास्तीत जास्त २८ आठवडे. लंडनमध्ये यात घरभाडं सोडाच, खोलीभाडंही निघत नाही. पहिले ७ दिवस आजारी असल्याचं स्वतःच लिहून देता येतं, पुढे फिट नोट, म्हणजे डॉक्टरचं प्रमाणपत्र, लागते. पॉलिसीधारक कंपनी असते, त्यामुळे दावा एचआरच दाखल करतं, आणि तिथेच वेळ जातो. डिफर्ड पिरियड संपत आल्यावर फॉर्म मागवला तर इन्शुररचे प्रश्न, जीपीचा (आपल्या फॅमिली डॉक्टरचा) रिपोर्ट आणि उत्तरं यांत दोन महिने सहज जातात. म्हणून चौथ्या ते सहाव्या आठवड्यातच एचआरला लेखी मेल टाकावा. लवकर कळवलं तर काही इन्शुरर थेरपीची सेशन्सही आधीच सुरू करून देतात, आणि एनएचएसची (सरकारी आरोग्यसेवेची) रांग टळते. या काळात वैतागून राजीनामा मात्र देऊ नये. नोकरी गेली की कव्हरही जातं.

दावे अडकतात ते बहुधा फिट नोटवरच्या एका शब्दामुळे. 'वर्क-रिलेटेड स्ट्रेस' असं लिहिलं की इन्शुरर म्हणतो, हा आजार नव्हे, मॅनेजरशी असलेला वाद आहे. हेच काम दुसऱ्या कंपनीत करता आलं असतं, असं त्याचं म्हणणं. निदान झालं असेल तर जीपीला तेच लिहायला सांगावं: डिप्रेसिव्ह एपिसोड, जनरलाइज्ड अँग्झायटी, जे असेल ते. दुसरी गोष्ट म्हणजे पीएचक्यू-९ चा, नैराश्याची तीव्रता मोजणाऱ्या प्रश्नावलीचा, स्कोअर. २७ पैकी १९ आले म्हणून दावा मंजूर होत नाही, कारण प्रश्न लक्षणांचा नसतो, आपलं काम जमतं का याचा असतो. फॉर्मवर 'एकाग्रता होत नाही' लिहिण्यापेक्षा 'वीस मिनिटांनी मेल परत पहिल्या ओळीपासून वाचावा लागतो, दोन मीटिंग लागोपाठ आल्या तर दुसरीतलं काही आठवत नाही' असं लिहिलेलं उपयोगी पडतं. दोन आठवडे रोज तीन ओळी टिपून ठेवल्या की फॉर्म त्यातूनच भरता येतो.

जीपीचा रिपोर्ट इन्शुररकडे जाण्याआधी बघायचा हक्क १९८८ च्या कायद्याने दिला आहे. फॉर्मवर तसा चौकोन असतो, त्यावर टिक करावी. मग बघायला २१ दिवस मिळतात. थोडा उशीर होतो, पण डॉक्टरांनी भेटीत सवयीने टाकलेले 'बरं वाटतंय' हे दोन शब्द पुढे किती महाग पडतात ते पाहिलं की हा उशीर परवडतो.

आता ते सगळ्यात कामाचं कलम. पॉलिसीत त्याला प्रपोर्शनेट किंवा पार्शल बेनिफिट म्हणतात. अर्धवेळ कामावर आलात तर पगार जितका बुडतो तितक्या प्रमाणात बेनिफिट चालू राहतं. समजा पगार वर्षाला ४८,००० पौंड, म्हणजे महिन्याला ४,०००, आणि कव्हर ६० टक्के. पूर्ण घरी असताना बेनिफिट २,४००. आठवड्यात दोन दिवस काम केलं तर पगार १,६००, बुडालेला हिस्सा ६० टक्के, म्हणून बेनिफिट १,४४०, एकूण ३,०४०. तीन दिवस केलं तर २,४०० आणि ९६०, एकूण ३,३६०. चार दिवसांना ३,६८०. प्रत्येक वाढलेल्या दिवसामागे हातात थोडं जास्तच पडतं. (सगळे आकडे टॅक्सआधीचे. ग्रुप पॉलिसीचे पैसे कंपनीच्या पे-रोलमधून येतात, त्यावर टॅक्स कापला जातो. स्वतः काढलेल्या वैयक्तिक पॉलिसीचे पैसे करमुक्त असतात.)

हे गणित माहीत नसलेली माणसं दोन टोकांना जातात. काही जण बेनिफिट बंद होईल या भीतीने बरं वाटत असूनही घरी राहतात. बरेचसे 'लोक काय म्हणतील' म्हणून सोमवारी सकाळी नऊला पूर्णवेळ हजर होतात आणि सहाव्या-सातव्या आठवड्यात पुन्हा आडवे. एचआरचा नेहमीचा फेज्ड रिटर्न, म्हणजे टप्प्याटप्प्याने कामावर परतणं, चार आठवड्यांचा असतो. मोडलेल्या हाताला तो पुरतो, तीव्र नैराश्यानंतर बारा आठवडे मागावेत. पहिले दोन आठवडे मंगळवार-गुरुवार अर्धा दिवस, मध्ये बुधवार मोकळा, मग तेच दोन दिवस पूर्ण, पाचव्या आठवड्यापासून तीन दिवस, नवव्यापासून चार. तास वाढवायचे त्या आठवड्यात कामाचं स्वरूप वाढवू नये. ऑन-कॉल आणि क्लायंटचे कॉल सगळ्यात शेवटी.

सुरुवात साडेदहाला मागावी, कारण रात्री मिर्टाझापिन किंवा क्वेटियापिनसारखं गुंगी आणणारं औषध घेणाऱ्याचं डोकं सकाळी नऊला जागं नसतं. औषधाचा डोस कमी करायचा असेल तर तो परतण्याच्या महिन्यात नको. काय बिघडलं, डोस की काम, हे मग कळत नाही. सायकोसिसचा (भास-भ्रमांचा) एपिसोड झाला असेल तर डीव्हीएलएला (ड्रायव्हिंग लायसन्स देणाऱ्या संस्थेला) कळवणं बंधनकारक आहे आणि किमान तीन महिने स्थिर असल्याशिवाय गाडी चालवता येत नाही; ऑफिसला गाडीने जात असाल तर पहिल्या दिवसाची तारीख यावरूनच ठरते.

पे-रोलची गंमत वेगळीच. बेनिफिट महिना संपल्यावर येतं, पे-रोलची कट-ऑफ मात्र महिन्याच्या मध्यात. त्यामुळे अर्धवेळच्या पहिल्या महिन्यात पगार निम्मा दिसतो आणि उरलेली रक्कम पुढच्या स्लिपवर येते. एका महिन्याचं भाडं बाजूला नसेल तर हा महिना जड जातो. आजारपणात साठलेली सुट्टी वापरून बुधवार भरपगारी करून घ्यायचा मार्ग एचआर सुचवतं. चांगला आहे, पण इन्शुरर सुट्टीचा पगार कमाईत धरतो का ते आधी विचारा, नाहीतर जास्त दिलेले पैसे तो नंतर वसूल करतो.

स्किल्ड वर्कर व्हिसावर असणाऱ्यांची धास्ती असते की पगार कमी झाला तर स्पॉन्सरशिप, म्हणजे कंपनीच्या आधारावर मिळालेला व्हिसा, जाईल. आजारानंतरच्या फेज्ड रिटर्नसाठी नियमात सूट आहे, पण ताशी दर किमान दराखाली जाता कामा नये आणि हातात ऑक्युपेशनल हेल्थ असेसमेंट (काम कितपत झेपेल याची वैद्यकीय तपासणी) हवं. ते एचआरकडून आधी करून घ्यावं.

'चार महिने पुण्याला आई-बाबांकडे राहून येतो' हा विचार बहुतेकांच्या मनात येतो. जाऊ नये असं नाही, पण पॉलिसीत देशाबाहेर राहण्याची मर्यादा असते आणि उपचार चालू असल्याचा पुरावा लागतो. इन्शुररकडून आपला दावा पाहणाऱ्या केस मॅनेजरची मेलवर परवानगी घेतल्याशिवाय तिकीट काढू नका. गणपतीच्या आरतीतला हसरा फोटो टाकणार असाल तर तेही तिला आधीच सांगून टाकलेलं बरं. माणसांत मिसळणं हा थेरपीचाच भाग असतो, पण फाइलमध्ये तशी नोंद हवी.

एक गोष्ट मात्र खटकते: केस मॅनेजर दर चार आठवड्यांनी फोन करून तेच प्रश्न विचारते. उत्तरं मेलवर द्यायची परवानगी मागावी, मिळते. दावा नाकारला तर इन्शुररला लेखी तक्रार, आठ आठवड्यांत उत्तर. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत फायनान्शियल ओम्बड्समनकडे, म्हणजे अशा तक्रारी सोडवणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, जावं.

पूर्णवेळ झाल्यावर 'दावा बंद' असं पत्र येतं. ते फेकू नका. बहुतेक पॉलिसींत लिंक्ड क्लेमचं कलम असतं: ठरलेल्या मुदतीत, साधारण सहा ते बारा महिन्यांत, त्याच आजाराने पुन्हा काम थांबलं तर २६ आठवडे परत थांबावं लागत नाही. मुदत कुठल्या तारखेपासून मोजतात ते पत्रावर नसेल तर विचारून घ्या, आणि नवी फिट नोट घेताना जीपीला निदान जुन्याच शब्दांत लिहायला सांगा.