थिनरच्या कामासाठी घेतलेला डबल कार्ट्रिजवाला मास्क, आठ महिने वापरून

४ स्टार देतो. एक कायले कापला ते खाली येते.

आमचं हिंगणघाटजवळ खेड्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, वखर-डवरे रंगवायचं शेड आहे. मोठा भाऊ सोळा वर्षं स्प्रे गन चालवत होता, तोंडाले नुसता दुपट्टा बांधून, आणि संध्याकाळी हाताचा रंग काढायचा तो बी थिनरनंच कारण साबणानं निघत नाही. थिनर सुटा यायचा, कॅनवर ना लेबल ना काही. चार वर्षांआधी त्याले डाव्या बरगडीखाली जड जड लागाले लागलं, दोन घास खाल्ले की पोट भरे, आम्ही म्हटलं गॅस असन. सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची टेस्ट, केली तर पांढऱ्या पेशी दीड लाखाच्या वर. नागपूरले बीसीआर-एबीएलची, म्हणजे या कॅन्सरचा बिघडलेला जीन शोधायची, टेस्ट झाली आणि सीएमएल निघाला, म्हणजे रक्ताचा हळू वाढणारा कॅन्सर. आता रोज ४०० एमजी इमॅटिनिबची एक गोळी. २०१३ ले सुप्रीम कोर्टानं कंपनीचं पेटंट फेटाळलं म्हणून ही गोळी जेनेरिकमध्ये परवडते, नाहीतर आमचं वावर विकाव लागलं असतं. भाऊ शेडवर येतो पण गनले हात लावत नाही, हिशोब पाह्यतो आणि माझ्या तोंडावर मास्क नसला की आई-बापासहित शिव्या देतो.

थिनरनंच झालं का? डॉक्टर सरळ हो नाही म्हणाले. थिनरमध्ये बेन्झीन नावाचं रसायन असू शकते, आणि बेन्झीननं अॅक्यूट, म्हणजे झपाट्यानं वाढणाऱ्या, प्रकारचा ब्लड कॅन्सर होतो हे पक्कं आहे, पण सीएमएलसारख्या क्रॉनिक, म्हणजे हळू वाढणाऱ्या, प्रकारात संबंध दिसतो, तेवढा पक्का नाही म्हणे. आणि सोळा वर्षांतल्या कोणत्या कॅनमध्ये काय होतं हे आता कोण सांगन.

तर मास्क. अर्ध्या तोंडाचा, मऊ रबराचा, दोन बाजूले दोन डबे म्हणजे कार्ट्रिज, साडेअकराशेले पडला. थिनरच्या वाफेचे डबे लावून पहिल्याच दिवशी प्रायमर मारला, वास शून्य. संध्याकाळचं डोकं दुखणं मी इतके वर्षं उन्हावर ढकलत होतो, ते आठवडाभरात बंद. पण पहिले डबे माझ्या चुकीनं वाया गेले, काम झालं की मी मास्क शेडमध्येच खिळ्याले टांगून ठेवायचो. आत कोळसा राह्यते, तो टांगल्या टांगल्या बी वाफ पीत राह्यते, पंधरा दिवसात वास याले लागला. आता घट्ट झाकणाच्या डब्यात घरी नेतो. दाढी बी ठेवता येत नाही, फट राह्यते. डब्यांवर तळहात दाबून श्वास ओढा, मास्क गालाले चिकटला तर ठीक.

स्टार कापला तो विकणाऱ्यासाठी. फोटोत लिहिलं "सर्व धुरासाठी", आणि सोबत आले धुळीचे फिल्टर! धुळीचं फिल्टर किंवा ते कोरोनावालं एन-९५ थिनरची वाफ अडवत नाही राजेहो, ऑरगॅनिक व्हेपरचंच, म्हणजे थिनरसारख्या वाफेचं, कार्ट्रिज पाह्यजे, आणि त्याच्यासमोर रंगाच्या फवाऱ्यासाठी कापसासारखी चकती, ती वेगळी मागवा लागली. बदलायचं कधी हे बी कुठं लिहिलं नाही. हिंगणघाटात मिळत नाही, नागपूरहून आणतो, जोडी साडेचारशे. मे महिन्यात ४५ डिग्रीत आत घामाचं तळं होते, ते सहन करा.

शेजारच्या काकाले वाटलं हा फवारणीचा मास्क. यवतमाळले २०१७ ले कापूस फवारताना माणसं गेली ते सगळ्यांच्या ध्यानात आहे, तिथं विष चार दिवसात दिसलं म्हणून. थिनरवाल्याले वर्षानुवर्षं काही दिसत नाही, त्यानं बिडी पेटवली तर लोक ओरडतात पण थिनरनं हात धुतले तर कोणी पाह्यत बी नाही. आणि मास्क हाताले काही करत नाही, ते कातड्यातून बी जाते. आम्ही आता गोडं तेल चोळतो, मग कपड्याचा साबण. वेळ लागते.

कामावरच्या पोट्ट्याले बी एक मागवला. बारीक चेहऱ्याले मिडियम साइज घ्या, लार्ज नाकाजवळून सुटते.