नजर जाणारा कुत्रा: ऑपरेशन करावं की आहे तसं सांभाळावं?

आधी एक खात्री करून घ्या, की नजर नक्की कशामुळे जातेय. सहा-सात वर्षांपुढच्या कुत्र्याच्या बाहुलीत निळसर झाक दिसली की लोक लगेच मोतीबिंदू म्हणतात. बरेचदा ते वयानुसार भिंग घट्ट होणं असतं आणि त्यात त्याला चांगलं दिसत राहतं. दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याच्या आतला मागचा पडदा, झिजण्याच्या आनुवंशिक आजारात आधी अंधारातलं दिसेनासं होतं. रात्री जिन्याशी अडखळणारा कुत्रा दिवसा चेंडू पकडतो, आणि घरच्यांच्या लक्षात यायला वेळ लागतो. यावर ऑपरेशन नाही. त्यामुळे निवड करायची वेळ येते ती मोतीबिंदूतच.

ऑपरेशनने खरंच दिसू लागतं. खराब भिंग काढून बहुधा कृत्रिम भिंग बसवतात. पण पूर्ण भूल द्यावी लागते, दृष्टिपटल चालतंय का हे आधी तपासावं लागतं, खर्च मोठा असतो, आणि नंतर कित्येक आठवडे दिवसातून अनेकदा थेंब घालावे लागतात. तेही गळ्यात डोळ्याला पंजा लागू न देणारी शंकूसारखी कॉलर असताना. माझ्या मते निर्णय इथेच होतो. जो कुत्रा डोळ्याला हात लावू देत नाही, त्याच्यासाठी चांगला सर्जन मिळूनही फार उपयोग नाही. शिवाय पुढे डोळ्यातला दाब वाढण्याची किंवा दृष्टिपटल सुटण्याची जोखीम उरतेच.

ऑपरेशन न करता सांभाळणं वाटतं तितकं केविलवाणं नसतं. कुत्र्याचं जग नाकावर आणि कानावर उभं असतं. आमचा म्हातारा कुत्रा भिंतीला मिशा घासत दारापर्यंत जातो आणि उंबऱ्यापाशी पुढचा पाय जरा जास्तच उचलून ठेवतो. मात्र घराने त्याला साथ द्यायला हवी. खुर्ची जिथल्या तिथे, पाण्याचं भांडं कायम एकाच कोपऱ्यात, जिन्याच्या तोंडाशी खरखरीत पायपुसणं. हात लावण्याआधी नाव घ्यायचं, नाहीतर दचकून तोंड टाकेल. उचलून भलतीकडे ठेवू नका, दिशाच हरवते. ठेवलंच तर पाण्याच्या भांड्यापाशी ठेवा. न दिसणाऱ्या कुत्र्याला घालायचं डोक्याभोवतीचं कडं धडक वाचवतं, पण अरुंद घरात ते सारखं अडकतं. त्यापेक्षा ‘थांब’ आणि ‘पायरी’ हे दोन शब्द पक्के करून घेणं मला जास्त मोलाचं वाटतं.

मधुमेही कुत्र्यांत मोतीबिंदू फार झपाट्याने वाढतो, कधीकधी काही दिवसांत. कुत्रा धडधाकट असेल, साखर आटोक्यात असेल आणि दृष्टिपटल चांगलं असेल, तर मी ऑपरेशनच करेन, तेही लांबणीवर न टाकता. हृदय किंवा मूत्रपिंड थकलेल्या म्हाताऱ्याला मात्र भूल द्यायला माझं मन धजणार नाही.

पण ऑपरेशन न करणं म्हणजे डॉक्टरांकडे जाणं बंद करणं नव्हे. पिकलेल्या मोतीबिंदूने डोळ्यात सूज येते, त्यातून काचबिंदू, म्हणजे डोळ्यातला दाब वाढण्याचा आजार, होऊ शकतो, आणि काचबिंदू दुखतो. डोळा लाल झाला, सुजल्यासारखा दिसला, कुत्रा तो मिटून घेऊ लागला किंवा डोक्याला हात लावू देईना, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. औषधाने दाब उतरत नसेल आणि त्या डोळ्याने दिसतही नसेल, तर डोळा काढायचा सल्ला मिळेल. ऐकायला क्रूर वाटतं, पण तो ऐका. वेदना थांबली की कुत्रे पुन्हा नीट जेवू-खेळू लागतात.