14 महिन्यांनंतर: गारठ्यात न उठणारा एसएमपीएस

चार महिन्यांपूर्वी विचारलं असतं, तर या एसएमपीएसला, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याला, मी डोळे झाकून पाच तारे दिले असते. 650 वॅट, गोल्ड (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा), मॉड्युलर (हव्या तेवढ्याच वायरी जोडता येणारा). पंख्याचा आवाज नाही, व्हिडिओचं काम तासन्‌तास चाललं तरी कुठे अडखळला नाही. पहिला हिवाळाही निमूट पार पडला. दुसऱ्या हिवाळ्यात मात्र सगळं फिरलं.

सकाळी बटण दाबलं की कॅबिनेटमधून 'टक्' असा आवाज यायचा, सीपीयूचा पंखा अर्धा वेढा घ्यायचा आणि थांबायचा. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. सातव्या-आठव्या वेळी एकदाचं सुरू व्हायचं आणि मग रात्रीपर्यंत काही तक्रार नाही. दहा वेळा रीस्टार्ट करा, दर वेळी पहिल्या फटक्यात. त्यामुळेच तीन आठवडे मी भलतीकडे शोधत राहिलो. रॅम काढून खोडरबरने पुसली. मदरबोर्डवरचा सेल मोजला, 3.02 व्होल्ट, म्हणजे ठणठणीत. कॅबिनेटच्या बटणाची वायर काढून पिना थेट जोडून पाहिल्या. दुरुस्तीवाल्याने मदरबोर्ड गेला असं सांगून नवा घ्यायला सुचवलं. दिवसभर बिनतक्रार चालणारा मदरबोर्ड मी का बदलायचा? या सल्ल्याची चीड अजून गेलेली नाही.

धागा सापडला तो भिंतीवरच्या बटणामुळे. रात्री ते मी बंद करतो, कारण संगणक बंद असतानाही एसएमपीएस थोडी वीज खातच राहतो आणि ती फुकट घालवणं मला पटत नाही. एका रात्री ते चुकून चालू राहिलं आणि सकाळी संगणक दुसऱ्याच प्रयत्नात उठला. म्हणजे आतलं स्टँडबाय सर्किट, संगणक बंद असतानाही जागं राहणारं, रात्रभर कोमट राहिलं, एवढाच फरक. दुसऱ्या दिवशी बटण बंद ठेवून सकाळी एसएमपीएसच्या जाळीवर हेअर ड्रायरची मंद हवा लांबून दोन मिनिटं धरली. पहिल्या फटक्यात सुरू!

मग मल्टिमीटर काढला. 24 पिनांच्या प्लगमधली जांभळी वायर म्हणजे 5 व्होल्टची स्टँडबाय लाइन. संगणक बंद असतानाही ती जिवंत असते आणि चालू करण्याचा हुकूम तिच्याच जोरावर सुटतो. मीटर मिन-मॅक्सवर (सगळ्यात कमी आणि जास्त आकडा टिपून ठेवणाऱ्या सोयीवर) ठेवून प्लगच्या मागून त्याची काडी लावली. खोलीत 12 अंश. बटण दाबण्याआधी 5.04, दाबताक्षणी 4.31. चालायला हवं ते किमान 4.75. अर्ध्या तासाने, गरम झाल्यावर तीच लाइन 4.98 च्या खाली जाईना. ही लाइन स्थिर ठेवायला वीज साठवणारे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात; त्यांच्या आतला द्रव थंडीत घट्ट होतो, आतला रोध वाढतो. नवा कपॅसिटर ते निभावतो, सुकत चाललेला कोलमडतो. पहिला हिवाळा का निभला, तेही यातच आलं. मित्राचा एसएमपीएस लावून चार सकाळी पाहिल्या, चारही वेळा लगेच सुरू. मदरबोर्ड निर्दोष सुटला.

आपला एसएमपीएस उघडून कपॅसिटर बदलायचा मोह तुम्हाला झाला तर आवरा. आत 380 ते 400 व्होल्टचा मोठा कपॅसिटर असतो, तो वायर काढल्यावरही भरलेला राहू शकतो. शिवाय सील तुटलं की वॉरंटी गेली.

सर्व्हिस सेंटरने पहिल्यांदा 'दोष आढळला नाही' असा शेरा मारून एसएमपीएस परत पाठवला. मला संताप आला, पण शांतपणे पाहिलं तर त्यांचंही खोटं नव्हतं: उबदार खोलीत, एकामागून एक चाचण्या करताना हा दोष दिसणारच नाही. दुसऱ्यांदा पाठवताना डब्यावरच मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवली: 'रात्रभर वायर काढून थंड जागी ठेवा. सकाळच्या पहिल्या प्रयत्नाचाच निकाल लिहा.' सोबत चार सकाळचे व्हिडिओ, प्रत्येकात थर्मामीटर आणि मीटर एकाच चौकटीत. नऊ दिवसांत नवा एसएमपीएस आला, एक शब्दही वाद न घालता. दोन तारे द्यायचं ठरवून लिहायला बसलो होतो, आता साडेतीन देतो. उरलेले दीड पहिल्या शेऱ्यासाठी आणि तशाच तपासणीत न सापडता परत गेलेल्या सगळ्या एसएमपीएससाठी.

नव्याला चार आठवडे झाले. आज सकाळी खोलीत 11 अंश होते, भिंतीवरचं बटण रात्रभर बंद होतं. जांभळ्या वायरवर सगळ्यात कमी आकडा 4.96.